खाचेतलं रोप

पानफुटीचं पान हातात घ्या आणि कडेवरून हलकेच बोट फिरवा. कड सरळ लागत नाही. बारीक बारीक फुगवटे आहेत आणि दर दोन फुगवट्यांच्या मध्ये एक खाच. या पानाला नवं रोप फुटतं ते त्या खाचेत. पान जिथे जाड आहे, भरलेलं आहे, तिथे काही उगवत नाही. जिथे ते आत गेलंय, कडेला कमी पडलंय, तिथे मूळ दिसतं.

ही खाच मी लहानपणापासून बघत आले आहे. तिचा अर्थ लागायला निम्मं आयुष्य गेलं.

*

आमच्या लहानपणी वहीत मोरपीस असायचं, नाहीतर पानफुटीचं पान. मोरपिसाला पिल्लू होतं म्हणून आम्ही त्याला पेन्सिलीचा कीस खायला घालायचो. पिल्लू कधी झालं नाही. पानफुटीच्या पानाला काही घालावं लागत नसे, आणि त्याला मात्र पिल्लं व्हायची. आठवड्या-दहा दिवसांत खाचेतून दोऱ्यासारखी पांढरी मुळं निघायची, मग मोहरीएवढी दोन पानं. आम्ही दर तासाला वही उघडून बघायचो. बघत राहिल्यानं रोप लवकर येत नाही, हे त्या वयात पटत नसे. पुढेही बराच काळ पटलं नाही.

आजीच्या मागच्या दारी डालड्याच्या रिकाम्या डब्यात हे झाड होतं. तिनं मला एकदा दोन पानं तोडून दिली. एक मी भूगोलाच्या पुस्तकात तसंच सरकवलं. दुसरं हरवू नये, चुरगळू नये म्हणून जाड कागदात गुंडाळलं आणि पत्र्याच्या ट्रंकेखाली दाबून ठेवलं. एक सहज ठेवलेलं, एक जपून.

*

जो जे शोधत आला, त्यानं ते नाव दिलं. जखमेवर पाला ठेचून बांधणाऱ्यांनी तिला घायमारी म्हटलं. संस्कृतात ती पर्णबीज झाली. हिंदी-उर्दूत जख्म-ए-हयात. मुलांनी आणि मराठीनं मिळून पानफुटी म्हटलं.

1805 साली इंग्लंडमध्ये तिला ब्रायोफायलम हे नाव मिळालं. ग्रीकमधला एक शब्द अंकुरण्याचा, दुसरा पानाचा. म्हणजे पुन्हा पानफुटीच. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच शब्दाशी पोचल्या, कारण दोन्ही ठिकाणी कुणीतरी त्याच कडेकडे नीट बघितलं होतं.

आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कलांचो या मोठ्या प्रजातीत धरतात. फ्रेंच अभ्यासक मिशेल अडान्सन यानं 1763 साली ही प्रजाती मांडली. हा शब्द चिनी नावावरून आला असं मानतात. झाड मादागास्करचं, नाव चिनी, लिहिणारा फ्रेंच आणि डबा डालड्याचा. मुळं किती खोल आहेत यावर आपलेपणा ठरत असता, तर पानफुटी कुणाचीच झाली नसती.

*

या प्रजातीत दीडशेच्या आसपास जाती आहेत. निम्म्याच्या आसपास मादागास्करच्या, त्याखालोखाल आफ्रिकेच्या. काही अरबस्तानात, काही आशियात. आपल्या सह्याद्रीतही काही जाती मुळातल्याच आहेत, कुणी न लावता उगवणाऱ्या.

थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात टप्प्याटप्प्यानं छापला गेला. त्यांनी वर्णन केलेल्या एका जातीचं नाव आहे कलांचो भिडेई. भिडे नावाच्या अभ्यासकावरून पडलेलं.

झाडाला माणसाचं नाव दिल्यानं झाडाचं काही बदलत नाही. माणसाचं बदलतं. त्याला दर पावसाळ्यानंतर पुन्हा उगवायची सोय होते.

*

पानांवरून या घरातली भावंडं ओळखू येत नाहीत. टोमेंटोसाचं पान मांजराच्या कानासारखं लवदार, कडेला तपकिरी ठिपके. बेहारेन्सिसचं पान हातभर, मखमली, आणि झाड माणसाच्या उंचीच्या वर जाणारं. थिर्सिफ्लोराची पानं थाळीसारखी गोल, त्यांवर पिठासारखा पांढरा थर. डेलागोएन्सिसची पानं पेन्सिलीसारखी, रोपं फक्त टोकांना. सिनसेपाला जमिनीवरून लांब धुमारे सोडते आणि त्यांच्या टोकांशी नवी मुळं धरत पुढे सरकते.

खूण फुलात आहे. चार निदलं, चार पाकळ्या, आठ पुंकेसर, मध्ये चार स्त्रीकेसर. क्रॅसुलेसी कुलातली इतर मंडळी बहुधा पाचाच्या हिशेबानं फुलतात. या घरात सगळं चाराच्या पाढ्यात.

पान प्रसंगाप्रमाणे बदलतं, फूल घराण्याप्रमाणे.

माणसाचंही रोजचं वागणं बघून त्याचं कूळ सांगू नये. तो फुलला की कळतं.

*

लव, मखमल, पीठ, जाडी. सगळी उत्तरं वेगवेगळी आणि प्रश्न एकच: पाणी कसं राखायचं.

उत्तरं इतकी वेगळी होऊ शकली, कारण प्रश्न खरा होता. खोट्या प्रश्नाला सगळ्यांची उत्तरं सारखी येतात.

*

1813 साली लंडनच्या लिनियन सोसायटीत एक पत्र वाचलं गेलं, दोन वर्षांनी ते छापलं. लिहिणारा बेंजामिन हाइन, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात राहिलेला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. विषय आपली पानफुटी. त्यानं लिहिलं होतं की हिचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारपर्यंत आंबटपणा जातो, संध्याकाळी ते कडवटाकडे झुकतं.

त्याच्याजवळ या कामासाठी जीभ सोडून दुसरं उपकरण नव्हतं. त्याच्या आधी हे पान कितीतरी जणांनी चावून बघितलं असेल. सकाळी चावलेल्यानं आंबट म्हटलं, दुपारी चावलेल्यानं बेचव म्हटलं, आणि दोघंही खरं बोलत होते. हाइननं एवढंच केलं की तेच पान पुन्हा तोंडात घातलं, आणि तिसऱ्यांदाही.

शोध पहिल्या घासात नव्हता. पुन्हा चाखण्यात होता.

एकदा बघून मत बनवणाऱ्यांचे वाद असेच चालतात. एक सकाळी आलेला असतो, एक दुपारी.

*

एका फेब्रुवारीत मी हे स्वतः करून बघितलं. पहाटे सहाला गॅलरीतल्या पानफुटीचा नखाएवढा तुकडा खुडून दाताखाली धरला. जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या, कैरीच्या फोडीनं आवळतात तशा. दुपारी दोनला त्याच पानाचा तेवढाच तुकडा. पाणी, हिरवा वास, बाकी काही नाही. दिवेलागणीला तिसरा. सुरुवातीला तोच बेचवपणा, मग घशाशी बारीकसा कडवटपणा.

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाच्या जिभेवर जे उमटलं, तेच माझ्या जिभेवर उमटलं. ज्ञान म्हणतात ते बहुधा याला. कुणीतरी सांगितलेलं आपल्या तोंडात खरं ठरणं.

पान उगाच कडवट होत नसतं. त्या चवीमागे काय आहे ते पुढे येईल. तोवर हा प्रयोग कुणी मुलांवर किंवा ओळख नसलेल्या जातीवर करू नये.

*

त्या आंबटपणाचं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. हवा आत येते, पण त्याच दारातून पाणी बाहेर जातं. कोरड्या मुलखात हा सौदा परवडत नाही. म्हणून पानफुटीसारखी झाडं दिवसा दारं लावून घेतात आणि रात्री, गारव्यात, उघडतात. रात्रभर कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि मॅलिक आम्ल होऊन पेशींतल्या रिक्तिकांमध्ये साठत राहतो. पहाटे पान सर्वांत आंबट असतं. उजाडलं की दारं बंद. आतल्या आम्लातून तो वायू पुन्हा सुटतो आणि बंद दाराआड, उन्हाच्या बळावर, त्याची साखर होते. दुपारी आंबटपणा सरलेला असतो, कारण तो खर्ची पडलेला असतो.

या पद्धतीच्या नावातच या झाडांचं कूळ आहे. क्रॅसुलेसीवरून तिला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात, थोडक्यात कॅम. अननस, घायपात, निवडुंग, कितीतरी ऑर्किड याच वाटेनं जगतात.

अशी झाडं रात्री ऑक्सिजन देतात म्हणून उशाशी ठेवा, असं नर्सरीत हल्ली सांगतात. ते बरोबर नाही. रात्री ती घेतात. ऑक्सिजन उजेडातच सुटतो.

*

दिवसा मिटलेलं दार बघून आपण म्हणतो, हा माणूस कुणाला आत घेत नाही. त्याची रात्र आपण पाहिलेली नसते.

*

आंबटपणा ही कमाई आहे. अजून साखर न झालेली.

*

स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ काम केलेले माल्कम विल्किन्स यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस या प्रजातीतल्या फेडचेन्कोइ या जातीची तोडलेली पानं पूर्ण अंधारात ठेवली आणि त्यांचा श्वास मोजला. सूर्य नाही, पहाट नाही, फांदी नाही. तरीही पानाचा कार्बन डायऑक्साइड साधारण दिवसभराच्या तालानं कमी-जास्त होत राहिला. घड्याळ पानाच्या आत होतं.

पण काही दिवसांनी ताल विरत गेला.

या दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवाव्यात. शिस्त आतूनच येते, ती कुणी बाहेरून घालू शकत नाही. आणि आतली शिस्तही अधूनमधून पहाट बघितल्याशिवाय टिकत नाही. एकांतात गेलेल्या साधकाला पहिली गोष्ट ठाऊक असते. दुसरी त्याला उशिरा कळते.

*

हिवाळ्यात बाजारात जे कलांचो मिळतं, लाल, पिवळं, गुलाबी, लहानशा कुंडीत भरगच्च, त्याचं मूळ ब्लॉसफेल्डिआना ही जाती. मादागास्करच्या उत्तरेकडच्या डोंगरातली. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे रोपवाटिकाकार रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी 1932 मध्ये ती बाजारात आणली, म्हणून हे नाव.

हे झाड लांब रात्रीनं फुलतं. सलग काही आठवडे रोज बारा-चौदा तास अखंड काळोख मिळाला की कळी धरते. अवेळी फुलं हवी असली की रोपवाटिकेत दुपारनंतर रोपांवर काळं कापड ओढतात. आणि मध्यरात्री थोडा वेळ जरी दिवा लागला, तरी रात्र मोडते. झाडाच्या लेखी ती एक मोठी रात्र राहत नाही, दोन लहान रात्री होतात, आणि कळी येत नाही.

दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली ठेवलेलं कलांचो दुसऱ्या वर्षी फुलत नाही म्हणून किती घरांतून तक्रार ऐकते मी. खत बदलतात, माती बदलतात, कुंडी बदलतात. झाडाला हवा असतो फक्त काळोख.

वाढायला उजेड लागतो. फुलायची वेळ अंधार ठरवतो.

दुःखात असलेल्या माणसाला भेटायला जाताना हे आठवावं. धीर द्यायच्या घाईत दर तासाला दिवा लावू नये. त्याची रात्र त्याला सलग मिळू द्यावी.

*

काळोखही मोजून असावा. ज्या रोपाला सहा आठवडे रात्र मिळते, त्याला दिवसाही ऊन मिळतं, हे विसरलं की तत्त्वज्ञान होतं आणि झाड मरतं.

*

जर्मन कवी गटे याचा वनस्पतींवरचा ग्रंथ 1790 मध्ये आला. झाडाचे सगळे अवयव, अगदी पाकळी आणि पुंकेसरसुद्धा, एकाच मूळ पानाची रूपांतरं आहेत, असं त्याचं म्हणणं. पुढे उतारवयात पानफुटी त्याच्या हाती लागली. जे आपण विचारानं मांडलं ते या पानानं करून दाखवलं, असंच त्याला वाटलं असणार. वायमारच्या घरात त्यानं ती वाढवली, मित्रांना पानं पाठवली, मारियाने फॉन विलेमर या मैत्रिणीलाही पाठवली. जर्मनीत आजही तिला गटेचं झाड म्हणतात.

आपल्या कल्पनेला पुरावा म्हातारपणी कुंडीत उगवलेला दिसावा, यापरतं भाग्य विचार करणाऱ्याला दुसरं कोणतं? आणि त्या पुराव्याचं त्यानं काय केलं? तोडून वाटला.

*

डायग्रेमोंटिआना ही पानफुटीची नैऋत्य मादागास्करमधली बहीण. पानफुटी बहुधा पान तुटलं, गळलं, मातीला टेकलं की रोपं धरते. ही वाट बघत नाही. पान झाडावर धडधाकट असतानाच प्रत्येक खाचेत एक बाळरोप, कडेला तोरण बांधल्यासारखं. धक्का लागला की खाली ओघळतात आणि पडतील तिथे रुजतात.

2007 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नीलिमा सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कडेचा उलगडा केला. बियांमध्ये गर्भ घडवणारी जी यंत्रणा असते, तीच या पानांच्या कडेला कामाला लागलेली त्यांना आढळली. त्या यंत्रणेतलं एक महत्त्वाचं जनुक या जातीत अपुरं आहे, शेवटाकडे तुटलेलं. तुटलेलं असूनही ते पानाच्या कडेला चालतं. बीमध्ये मात्र ते अपुरं पडतं, आणि रुजणारं बी तयार होत नाही. ताण आल्यावरच रोपं करणाऱ्या जातींचं बी शाबूत आहे.

म्हणजे इथेही एक खाच आहे. डोळ्यांना न दिसणारी, जनुकातली. आणि तिथूनच रोपं येतात.

*

पण या खाचेची किंमत नीट वाचावी.

बी म्हणजे दोघांचं मिळून तिसरं. पानावरचं रोप म्हणजे एकाचंच पुन्हा एक. दीडशे जाती झाल्या त्या बियांतून. कुणी मांजराचा कान धरला, कुणी थाळी, कुणी पेन्सिल. डायग्रेमोंटिआनाची हजार रोपं एका अंगणात उभी राहिली तरी तिथे एकच झाड उभं असतं.

विपुलता म्हणजे विविधता नव्हे. आपलीच वाक्यं आपल्याला चहूकडून ऐकू येऊ लागली की समाज भरलेला वाटतो. तेव्हा बी तपासावं.

आणि ज्यांना ताणातही फुटता येतं आणि बीही राखता आलं, त्यांच्याकडे अधिक आदरानं बघावं. त्यांनी फुटणं राखून ठेवलं. जखमेसाठी.

*

1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात ह्यूटन नावाच्या गृहस्थांनी डायग्रेमोंटिआना आणि डेलागोएन्सिस यांचा संकर केला. आज तो उष्ण प्रदेशांत कितीतरी ठिकाणी तण झालाय. ऑस्ट्रेलियात डेलागोएन्सिस आणि तिची भावंडं कुरणांत पसरली. 1997 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावाजवळ ही झाडं खाऊन 125 गुरं मेली. या झाडांत बुफाडायनोलाइड नावाची विषं असतात, थेट हृदयावर काम करणारी. त्याच घराण्याची विषं काही भेकांच्या कातडीत सापडतात. पानफुटीतही ती आहेत.

घरच्या डोंगरात याच झाडाला उन्हाची, दुष्काळाची, शेजाऱ्यांची मर्यादा होती. तिथे तो गुण होता. मर्यादा काढून घेतली आणि त्याच गुणाला तण म्हणायची वेळ आली.

दोष झाडाचा नाही. त्यानं कुठंही गेलं तरी तेच केलं. प्रश्न नेणाऱ्याचा आहे: सोबत गुण नेला, मर्यादा का नाही नेली?

*

आमच्याकडे मुतखड्यावर हा पाला सांगतात. दगड फोडणारं पान. कळ उठलेल्या माणसाला सगळ्यात आधी हवा असतो तो कुणाचा तरी शब्द, की दगडसुद्धा फुटतो. तो शब्द शेजारीण पानासकट आणून देते. मी त्या शब्दाचा मान राखते आणि माणसाला तपासणीला पाठवते. ज्या पानात हृदयाला धरणारं काही आहे, ते पान मापाशिवाय देऊ नये.

औषध आणि विष यांच्यामध्ये पान बदलत नाही, माप बदलतं. प्रेमाचंही तसंच असावं. आमच्या घरांत प्रेमाला माप लावणं अजून उणेपणाचं मानतात.

*

थिर्सिफ्लोरा वर्षानुवर्षं गोल पानं एकावर एक रचत बसते. मग एका वर्षी मधून उंच दांडा येतो, पिवळी सुगंधी फुलं लागतात, आणि त्या फुलोऱ्यासोबत तो पानांचा गुच्छ सुकून जातो. बुडाशी पिलं फुटली तर फुटली.

काहींचं देणं हप्त्यांनी असतं, काहींचं एकरकमी. हप्ते देणाऱ्यानं एकरकमी देणाऱ्याला उधळ्या म्हणू नये. त्यानं किती वर्षं साठवलं हे त्याच्या पानांच्या जाडीवरून मोजावं.

*

पानफुटी कुणी विकत घेत नाही. आजीच्या डब्यातलं पान आत्याकडे गेलं, तिथून माझ्या आईकडे. आईनं बदलीच्या प्रत्येक गावी ती नेली, आणि आता ती पुण्यात माझ्या गॅलरीत आहे. आजी जाऊन तीस वर्षं झाली. वाडा पडला. डबा गंजून मातीत गेला.

पण ही तिच्या झाडाची नात-पणती नाही. बी मध्ये आलंच नाही. पानातून पान, पानातून पान. हे तेच झाड आहे. ज्याला आजीनं तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, तेच. मी सकाळी तांब्या घेऊन जाते तेव्हा तिच्याच झाडाला पाणी घालते, मधला काळ वगळून.

सारखेपणाबद्दल मघाशी मी कठोर बोलले. ते मी मागे घेत नाही. पण काही गोष्टी नव्या व्हाव्यात यासाठी बी असतं, आणि काही गोष्टी तशाच राहाव्यात यासाठी पान असतं. घराला दोन्ही लागतं. मुलं बियांतून येतात. आजीचं दार पानातून येतं.

*

आता त्या दोन पानांचं.

ट्रंकेखालचं पान मी दिवाळीच्या सुट्टीत काढलं. ते नीट सपाट झालं होतं. कडेच्या खाचा सगळ्याच्या सगळ्या दिसत होत्या, चित्रातल्यासारख्या स्पष्ट. एकीतही मूळ नव्हतं. ओल दाबाखाली कागदानं केव्हाच पिऊन टाकली होती. मी रडले. जपून ठेवलं होतं ना मी, असं आजीला विचारत राहिले. ती काही बोलली नाही. तिनं भूगोलाचं पुस्तक आणायला सांगितलं.

तिथल्या पानाला सात रोपं होती. पुस्तकाच्या दोन पानांवर ओलाव्याचा पिवळट डाग पडला होता.

पुढे कितीतरी वर्षं मी खाचेचं गुणगान केलं. उणीव हीच जन्मभूमी, असं वहीत लिहूनही ठेवलं होतं. ट्रंकेखालचं पान मला ते पुरं म्हणू देत नाही. खाचा दोन्ही पानांना सारख्याच होत्या. एकात रात्र-रात्र दार उघडून कमावलेलं आणि दिवस-दिवस दार मिटून राखलेलं पाणी शिल्लक होतं. दुसऱ्यातलं मी जपण्याच्या नावाखाली पिळून काढलं होतं. नुसत्या उणिवेतून काही उगवत नाही. उणिवेच्या मागे ओल लागते.

आजीनं ती सात रोपं पानासकट डब्यातल्या मातीवर ठेवली. मी रोज बघायची. रोपं तुकतुकीत होत गेली आणि पान पातळ होत गेलं. आधी मऊ, मग सुरकुतलेलं, मग उजेडात धरलं तर पलीकडचं बोट दिसेल इतकं झिरझिरीत. एका सकाळी ते उचलायला गेले तर हाताला काही लागलं नाही. सात रोपं एका ओळीत उभी होती, मध्ये मध्ये थोडी जागा सोडून. पानाची कड होती तशी.